मृगाआधीची घरदुरुस्ती: कुठलं काम स्वतः करायचं, कुठं हात आवरायचा

मे महिना निम्मा सरला की बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यात गौंडी मिळणं मुश्कील होतं. २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं, ७-८ जूनला मृग. या पंधरा दिवसांत प्रत्येकाला कौलं चाळून हवी असतात, स्लॅबची गळती थांबवून हवी असते, नळ, मोरी, दार, पन्हळ सगळं एकदमच आठवतं. कारागीर मोजके, कामं ढीगभर. मग शेवटी घरातलंच कोणीतरी शिडी लावतं. मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला असतील तर शिडीवर चढणारा माणूस बहुतेक वेळा साठी ओलांडलेला असतो. म्हणून यातली कुठली कामं घरच्या घरी बिनधास्त होतात आणि कुठल्या कामात पैशापेक्षा जीव महाग आहे, याची एकत्र माहिती इथं दिली आहे.

घर कुठं आहे यावर दुखणं बदलतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिथं आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात मुख्य शत्रू म्हणजे ओल. इंदूर, हैदराबादला पाऊस याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पण उन्हाळा कडक. तिथली गच्ची तापून फुगते, रात्री आकसते आणि तडकते. कारागिराचं नावही गावागणिक बदलतं. आपल्याकडं गौंडी, इंदुरात मिस्त्री, वडोदऱ्यात कडिया, हैदराबादेत तापी मेस्त्री. काम मात्र तेच.

हात घालण्याआधी तीन प्रश्न

कुठल्याही दुरुस्तीला हे तीन प्रश्न विचारा.

पहिला, चुकलं तर काय जाईल? पन्नास रुपयांचा वायसर वाया गेला तर हरकत नाही. पाय घसरून कंबर मोडली तर सगळं गणितच बदलतं.

दुसरा, वीज, पाणी किंवा गॅस पूर्ण बंद करता येतो का? नुसता समोरचा नळ किंवा समोरचं बटन बंद करून भागत नाही. मागून येणारा पुरवठा बंद झाला पाहिजे.

तिसरा, बिघडलं तर काम मागं फिरवता येईल का? स्क्रू परत काढता येतो. बीममध्ये पाडलेलं भोक परत बुजवलं तरी बीम पहिल्यासारखा होत नाही.

तिन्हीची उत्तरं सोपी असतील तर काम तुमचं. एकाचंही उत्तर अडलं तर माणूस बोलवा.

वीज: कायद्यानंच रेघ ओढलेली आहे

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सगळ्या राज्यांना लागू आहेत. बेळगावचं हेस्कॉम असो, महाराष्ट्रातलं महावितरण असो की गोव्याचं वीज खातं, नियम एकच. २५० व्होल्टपर्यंतच्या घरगुती जोडणीत दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरातली उपकरणं बदलायला परवानाधारक ठेकेदार लागत नाही, मात्र त्यामुळं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. नवीन वायर ओढणं, नवीन पॉइंट काढणं, लोड वाढवणं ही कामं परवानाधारकाचीच.

जे करता येतं ते करतानाही पहिलं काम मेन स्विच पाडणं. इथं एक गोष्ट बरेच जण विसरतात. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही त्याच्यावरच्या दिव्यांत आणि पंख्यांत करंट चालूच असतो. आधी इन्व्हर्टर बंद करायचा, मग मेन, मग टेस्टरनं तपासायचं. टेस्टर चांगला आहे का हे आधी चालू पॉइंटवर बघून घ्या, कारण बिघडलेला टेस्टर प्रत्येक ठिकाणी ‘करंट नाही’ असंच सांगतो.

एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही, ही समजूत चुकीची आहे. एमसीबी वायर तापून आग लागू नये म्हणून असतो. जास्त भार आला किंवा शॉर्ट झाला की तो पडतो. माणसाला शॉक बसताना शरीरातून जाणारा करंट एमसीबीला कळतही नाही इतका कमी असतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. घरात ३० मिलिअँपिअरचा घेतात. त्याच्यावर ‘टेस्ट’ बटन असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. आरसीसीबी लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर तो असून नसल्यासारखा. पावसाळ्यात भिंत ओली झाली की त्याची खरी गरज लागते. त्याच्या जोडीला अर्थिंगही नीट हवं. ते तपासून घेणं वायरमनचं काम.

गिझरचं गणित सोपं आहे. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर करंट ओढतो. साधं लहान प्लग पॉइंट ६ अँपिअरचं असतं. म्हणून गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर एक्स्टेंशन बोर्डावर लावू नये. प्लग काळा पडलाय, बोर्ड गरम लागतोय, जळका वास येतोय, यांतलं काहीही दिसलं तर तो पॉइंट त्याच दिवसापासून बंद.

कोणाला शॉक लागून तो वायरीला चिकटलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावा. रस्त्यावरची तार तुटून पडली असेल तर लांब राहून १९१२ वर कळवा.

नळ आणि फ्लश: इथून सुरुवात करा

घरदुरुस्ती शिकायची तर नळापासून. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे २० लिटर पाणी घालवतो, म्हणजे महिन्याला ६०० लिटर. ज्या भागात मीटरवर पाण्याचं बिल येतं तिथं हा सरळ खर्च आहे. टँकर घेणाऱ्यांनी तर हिशोब करूच नये, झोप उडेल.

जुन्या पद्धतीच्या, चार-पाच वेळा फिरवायच्या नळात रबरी वायसर असतो. मागचा कॉक किंवा टाकीचा वॉल बंद करा. नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, म्हणजे बारीक स्क्रू आत जाणार नाही. पान्यानं नळाचा वरचा भाग उलटा फिरवून काढा, आतला वायसर बदला, परत बसवा. जुना वायसर खिशात घालून दुकानात जा, तोच माप मिळतो. नवा वायसर घालूनही गळत असेल तर आतली पितळी बैठक झिजली आहे. तिथं नळ बदलणंच परवडतं. अर्ध्या वळशाचे नवीन नळ असतील तर त्यांत वायसर नसतो, सिरॅमिकचं कार्ट्रिज असतं. ते त्याच कंपनीचं, त्याच मापाचं आणावं लागतं.

नळ बसवताना टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ घट्ट करताना ती सुटून वर येते.

फ्लशची टाकी आतल्या आत गळतेय का हे बघायला टाकीत थोडी नीळ टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतलं रबर गेलं. भिंतीतला पाइप गळतोय अशी शंका असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि तासाभरानं परत बघा. आकडा हलला असेल तर पाणी कुठंतरी मुरतंय.

कौलारू छप्पर

मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तेव्हापासून ‘मंगलोरी कौलं’ हे नाव सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर रूढ झालं. खानापूरची माती आणि कौलंही आपल्याकडं जुन्या ओळखीची. एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या पाख्याला १४० च्या आसपास. फुटकी मोजून त्यावर दहा-पंधरा जास्तीची आणून ठेवा. जुन्या कौलांवर नवी आणताना एक जुनं कौल नमुना म्हणून सोबत न्या. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत आणि त्या फटीतूनच पाणी येतं.

गळती शोधायचं काम घरात उभं राहून करा. भर दुपारी खोली अंधारी करून वर बघितलं की उजेडाची टिपकी दिसतात. तिथं खडूनं खूण करा. पाणी मात्र थेंब पडतो तिथूनच शिरतं असं नाही. ते वाशावरून, रिपेवरून घसरत खाली येतं. म्हणून खुणेच्या वरच्या बाजूची दोन-तीन कौलंही तपासा. उंची कमी असेल आणि आतून हात पोचत असेल तर वरचं कौल थोडं उचलून फुटकं कौल आतूनच सरकवून काढता येतं.

छपरावर चढणं मात्र वेगळं काम आहे. ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर कोणीही चढू नये. एकट्यानं तर नाहीच. कौलावर मधोमध पाय पडला की ते फुटतं. जाणकार माणूस पाय वाशाच्या रेषेत टाकतो आणि फळी टाकून भार पसरवतो. जुने वासे वाळवीनं पोखरलेले असतील तर बाहेरून कळत नाही. आतून वाशाला हातोडीनं टकटक करा; पोकळ आवाज आला किंवा भुसा पडला तर वर चढायचा विचार सोडा. साठी ओलांडलेल्यांनी हे काम पैसे देऊनच करून घ्यावं.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचं छप्पर असेल तर आणखी सावध. या पत्र्यांत बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते माणसाच्या वजनानं अचानक फुटतात आणि कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुफ्फुसाला घातक असते. त्यावर करवत किंवा ड्रिल चालवू नका.

स्लॅबची गच्ची

गळणाऱ्या गच्चीवर आधी केमिकल नको, झाडू मारा. पाइपच्या तोंडाशी साठलेला पाला, माती, कबुतरांची घाण हेच बऱ्याच गळत्यांचं मूळ असतं. मग बादलीभर पाणी ओतून बघा. ते पाइपकडं जायला हवं. मीटरला साधारण एक सेंटीमीटर उतार पुरेसा असतो. पाणी एकाच जागी साठत असेल तर तिथंच मुरणार.

केसाएवढ्या भेगा घरी भरता येतात. भेग छिन्नीनं थोडी रुंद करून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची करा, ब्रशनं धूळ काढा, तयार क्रॅक फिलर दाबून भरा. गच्ची आणि कठड्याची भिंत जिथं मिळते तो कोपरा सगळ्यात कच्चा असतो. तिथं गोलाई घेऊन सिमेंट लावतात. त्यावर वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी कोटिंग लावलं तर खालची ओल वर यायला बघते आणि फुगे येतात.

सिमेंट घेताना पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष बघा. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट गळतीच्या कामाला घेऊ नका. साठवणीत त्याची ताकद कमी होते. जेवढं अर्ध्या तासात वापराल तेवढंच कालवा. घट्ट झालेल्या मालात परत पाणी घालून तो वापरू नये. आणि किमान सात दिवस पाणी मारा.

भिंतीची ओल: आधी कारण, मग रंग

पोपडे निघालेली भिंत खरवडून, पुट्टी लावून रंग देणं हा सगळ्यात जास्त पैसे वाया घालवणारा प्रकार. ओल आत तशीच राहते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे परत येतात.

ओल कुठून येते ते ती कुठं दिसते यावरून बरंचसं कळतं. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आणि पांढरा शोरा धरलेली असेल तर ती जोत्यातून वर चढते आहे. छताजवळ असेल तर गच्ची किंवा कौलं. न्हाणीच्या मागच्या भिंतीवर, बारा महिने असेल तर पाइप. शंका असेल तर हातभर प्लास्टिक भिंतीवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली दमट हवा. खिडक्या उघड्या ठेवणं आणि पंखा लावणं हाच उपाय.

गोवा, कोकण आणि आपल्या घाटालगतच्या भागात जांभ्याच्या भिंती आहेत. जांभा पाणी शोषतो आणि परत सोडतो. त्यावर कडक सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते. जुन्या घरांना चुन्याचा गिलावा होता तो याचसाठी. दुरुस्तीलाही शक्यतो चुनाच वापरावा.

जुना रंग घासताना एक काळजी घ्या. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं. पाणी मारून ओलं घासा, तोंडाला मास्क बांधा आणि लहान मुलांना, गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका.

भेग साधी की धोक्याची

गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक भेगा वरवरच्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, आरपार दिसणारी किंवा वाढत जाणारी भेग वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा आणि रुंदी मोजून ठेवा. महिन्याभरात रेघेच्या पुढं गेली तर इंजिनिअरला दाखवा. स्लॅबचं सिमेंट पडून गंजलेली सळई दिसत असेल तर वरून प्लास्टर मारून झाकू नका. गंज आत वाढत राहतो. अशा खोलीत झोपू नये.

दारं, स्क्रू, भोकं

पावसाळ्यात दार फुगून अडकतं. लगेच रंधा मारला तर उन्हाळ्यात तिथंच फट पडते. आधी बिजागरीचे स्क्रू बघा; बहुतेक वेळा वरची बिजागरी सैल होऊन दार खाली आलेलं असतं. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात फेविकॉल लावलेल्या आगकाड्या ठोकून भरा, वाळू द्या, मग स्क्रू पिळा. तरीही घासत असेल तर कडेला खडू लावून दार लावून बघा. जिथला खडू पुसला जातो तेवढंच घासा, आणि घासलेल्या जागी रंग किंवा पॉलिश लावा.

भिंतीत ड्रिल मारताना स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरींचे पाइप तिथूनच गेलेले असतात. नळाच्या वरची रेषही सोडा. कॉलम, बीममध्ये तर अजिबात नको. सहा नंबरच्या प्लास्टिकच्या गिट्टीला सहा मिलीमीटरचंच बिट.

ही कामं कधीच नाहीत

सेप्टिक टँकमध्ये उतरणं. आतल्या वायूचा नेहमी वास येईलच असं नाही आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच जातो. पैसे देऊन दुसऱ्याला उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून सक्शनची गाडी मागवा.

गॅसचा रेग्युलेटर, शेगडीचा वॉल खोलणं हेही नाही. नळी आयएसआय खुणेची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. तारीख नळीवरच छापलेली असते. जोड गळतोय का ते साबणाच्या फेसानं बघा, काडी लावून नव्हे. वास आला तर विजेचं एकही बटन चालू-बंद न करता खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

गौंड्याला काम देताना

काम मोजून द्या. चौरस फुटाचा दर, माल कोणाचा, मजुरी किती, हे कागदावर असू द्या. कागद मराठीत असो, कन्नडात असो की हिंदीत, आकडे आणि सही महत्त्वाची. एकरकमी ‘सगळं मिळून’ भावात नंतर वाद होतात. मालाचं बिल आपल्या नावावर घ्या. गळतीच्या कामाचे काही पैसे पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायचे, हे आधीच ठरवून घ्या. प्रामाणिक कारागीर याला नाही म्हणत नाही, पण काम झाल्यावर ही अट काढणं बरोबर नव्हे.

कधी काय करायचं

अक्षय तृतीयेच्या आसपास गच्ची, कौलं, पन्हळ यांची पाहणी आणि गौंड्याला तारीख सांगून ठेवणं. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भेगा भरणं आणि कोटिंग, कारण तेव्हाच भिंती खऱ्या कोरड्या असतात. रोहिणी लागण्याआधी आरसीसीबी आणि अर्थिंगची तपासणी. मृग लागला की घराबाहेरची आणि छपरावरची कामं थांबवा. नळ, फ्लश, बिजागऱ्या ही कामं मग पाऊस बघत निवांत करता येतात. जी गळती राहिली असेल तिच्याखाली बादली ठेवा, जागा लिहून ठेवा आणि दिवाळीनंतर ऊन पडलं की तिथूनच सुरुवात करा.